सातवं पिंप

सातव्या पिंपाचं बूच निघालं तेव्हा सोलेन तळघराच्या दाराशी पाठमोरी उभी राहून पेले विसळत होती. वास तिच्यापर्यंत तिथेही पोचला. व्हिनेगरचा. पिंप बिघडलं होतं.

तिच्या वडिलांनी, ओनोरे वोशरेंनी, काचेच्या नळीनं पेल्यात थोडी वाइन काढली. पेला फिरवला, नाक आत घालून बराच वेळ हुंगला. घोट तोंडात घोळवून थुंकला. मग खिशातला खडू काढून पिंपावर फुली मारली.

फुली म्हणजे हे पिंप 'क्लो द्यु मेर्ल' या त्यांच्या नावाजलेल्या वाइनमध्ये जाणार. लुआर नदीवरच्या त्याच नावाच्या उतारावर, पाटीच्या दगडात, ओनोरेंच्या वडिलांनी वेली लावल्या होत्या. तिथल्या पांढऱ्या वाइनवरच वोशरे हे नाव उभं होतं. दर मार्चमध्ये बारा पिंपांतली चांगली तेवढी निवडून एकत्र करायची. एक नासकं पिंप त्यात गेलं की वर्ष गेलं.

"वरच्या रांगांतल्या द्राक्षांचं आहे," ते म्हणाले. "मध, ओली पाटी. यंदाचं सगळ्यात सरस."

सोलेनला वाटलं, परीक्षा चाललीय. लहानपणी ते असंच मुद्दाम चुकीचं सांगायचे, आणि तिनं चूक पकडली की गावभर सांगत सुटायचे. ती हसतच वळली. ते हसत नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा बघितला आणि त्यांचा खडूचा हात खाली आला.

तेव्हा तिला कळलं. नाताळातल्या तापातून उठल्यापासून ते प्रत्येक पेला आधी तिच्या हातात द्यायचे. तिचा घोट होईपर्यंत गप्प राहायचे, मगच आपलं मत सांगायचे. आज पहिल्यांदाच ते तिच्याआधी बोलले होते. ती चाळिशीला आली होती. तिला वाटलं होतं, उशिरा का होईना, पप्पा आपल्याला मानायला लागले. बेकरीवालीला तिनं तसं सांगूनही टाकलं होतं.

"कधीपासून, पप्पा?"

ताप उतरला त्या दिवसापासून वास येत नाही, ते म्हणाले. गार कळतं, आंबट कळतं, पण वाइनचं की व्हिनेगरचं ते नाही. डॉक्टर आधी म्हणाला, महिन्याभरात परत येईल. आता म्हणतो, सांगता येत नाही. कॉफी, सूप, पाव, सगळं सारखंच. हे सगळं त्यांनी खाली मान घालून, पिंपाला सांगावं तसं सांगितलं.

सोलेननं ओल्या फडक्यानं फुली पुसली.

"आठवं काढा," ती म्हणाली.

मग ती हुंगत गेली, सांगत गेली, आणि ते तिच्या सांगण्यावरून खडू चालवत गेले. ज्या नाकासाठी आसपासच्या गावांतले लोक आपली पिंपं दाखवायला यायचे, ते नाक घेऊन म्हातारा शेजारी उभा होता. अकराव्या पिंपाशी सोलेन थांबली. अशी वाइन या तळघरात झालेली तिला आठवत नव्हती.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मध," ती म्हणाली. "ओली पाटी. सुकलेली फुलं."

"हे माझे शब्द झाले. जन्मभर तेच ऐकत आलीस. तुला काय येतंय ते सांग."

तिनं पुन्हा हुंगलं. आधी धड जमेना. मग म्हणाली, चादरी. कुंपणावर वाळलेल्या, ऊन उतरल्यावर घरात आणतो तशा. हिरवा अक्रोड, फोडला की बोटं काळी करतो तो. आणि मागे कुठेतरी मेण, चर्चमधली मेणबत्ती नुकती विझवल्यासारखं.

ओनोरेंनी तिच्या हातातला पेला घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. सोलेननं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, चादरी, अक्रोड, मेण.

ती बोलत होती तोवर त्यांनी तो गिळला नाही.