सुवर्णाचं दळण

सुवर्णाने गिरणीच्या रक्त तपासणाऱ्या काचेवर अंगठा टेकवला आणि पडद्यावर पुन्हा तोच आकडा आला.

"सहा महिने झाले वहिनी, तुमच्या रक्तातलं सेलेनियम वाढायचं नाव घेत नाही," गिरणीवाले शब्बीरभाई वैतागले. "तुमच्या थायरॉइडला लागेल तेवढं मोजून पिठात मिसळतोय मी. हे पीठ खातं कोण?"

सोबत सुवर्णाच्या सासूबाई भामाबाई आल्या होत्या; त्यांनी गंमत म्हणून आपलाही अंगठा टेकवला. काच लालभडक झाली.

"आजी, तुमच्यात तर दुपटीनं जास्त आहे! केस गळतात? नखं तुटतात?"

भामाबाईंनी चमकून आपल्या नखांकडे पाहिलं. "अगं, मला रोज वेगळी भाकरी वाढतेस, ती या पिठाची होय?"

"चांगलं पीठ आहे, म्हटलं तुम्हाला ताकद येईल," सुवर्णा पुटपुटली. "मला काय, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते चालतं."

भामाबाईंनी दळणाचा डबा तिच्या हातून काढून स्वतःच्या कमरेवर घेतला.

"आजपासून भाकऱ्या मी थापणार. आणि या पिठाची पहिली भाकरी तव्यावरून थेट तुझ्या ताटात. माझ्यासमोर बसून खायचीस, गरम गरम."