पास केलेला बेस

मंदारनं खुंटीवरचा लालभडक बेस गिटार उतरवून परीक्षितच्या हातात दिला. "बघ यार, ठीक आहे ना? तू पास केलास की घेऊनच टाकतो."

अशोका गार्डन वस्तीतलं हे वाद्यांचं दुकान म्हणजे एक बोळच. भिंतीला ढोलक, छताला गिटारी आणि मधे तीन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. तिसरी होती अबोली, मंदारची भाची. मंदारच्या बॅंडमध्ये आता बेस गिटार ती वाजवणार होती, म्हणजे परीक्षितच्या जागी.

गणपतीच्या तालमी सुरू होता होताच मंदारनं त्याला काढलं होतं. तेही समोर सांगायची हिंमत नव्हतीच. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'परीक्षितची बोटं आता चालत नाहीत, त्याला आराम देऊ.' आणि लगेच त्याचं नाव उडवलं. निम्म्या इंद्रपुरीनं ते वाचलं. परीक्षितनं त्याच तिरमिरीत आपला बेस विकून टाकला आणि पुढे महिनाभर येताजाता स्वतःची मूठ उघडमीट करून बघत राहिला. बोटं चांगली होती. पण एकदा शंका घुसली की ती काय अशी जाते?

आणि आज याच मंदारचा फोन. "चल ना यार बेस घ्यायला, तुझ्याइतकं कळतं कुणाला?" निर्लज्जपणाला औषध नाही. पण परीक्षित आला. कळतं म्हणूनच आला.

त्यानं बेसचं बूड गालाशी लावलं, एक डोळा मिटला आणि दांडीवरून सरळ नजर टाकली. कारखान्यात त्याचं कामच ते, शाफ्ट तपासायचा. केसभर वाक दिसला तरी माल परत.

ही दांडी वाकलेली नव्हती, पिळलेली होती. शोकेसच्या उन्हात टांगून टांगून तिची एक बाजू उचलली गेली होती. नुसता वाक असता तर आतली सळई चावीनं फिरवून निघाला असता. पीळ मात्र सुंभ जळाला तरी जात नाही.

"मस्त आहे," परीक्षित म्हणाला. "घेऊन टाक."

दुकानदारानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही माहीत होतं. "साहब ने देख लिया ना? फिर वापसी नहीं होगी."

"देख लिया."

अबोलीच्या मांडीवर तोवर दुसराच बेस होता. तपकिरी, जुना, कुणाच्या तरी हातानं पॉलिश उडालेला. "काका, हा नको का? हा वाजवला ना, की आधी पोटात कळतो, मग कानात."

परीक्षित चपापला. पोरीला कान होता. दुकानात शिरल्यापासून त्याचाही डोळा त्याच बेसवर होता.

"तो जुना आहे गं. तुला नवाच बरा."

"और स्टेज पे दिखना भी तो चाहिए!" म्हणत मंदारनं तिच्या मांडीवरचा बेस काढून लाल बेस ठेवला.

परीक्षितच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मंडळाचा गणपती त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागला. गर्दी जमलेली, मंदार डोळे मिटून गातोय आणि पाठीमागे हा लाल बेस खरखरतोय. बेस बिघडला की लोकांना बेस बिघडला असं कळत नाही. लोक गाणाऱ्याकडे बघतात. बघू देत. सगळ्या इंद्रपुरीला बघू दे!

अबोलीनं सूर धरला. खालचे सूर गोड लागले. बोट दांडीवर वर सरकलं आणि खर्र आवाज आला. तिनं पुन्हा दाबलं, जरा जोरात. खर्र. तिनं बोटं ओढणीला पुसली, पुन्हा दाबली. बोटांच्या टोकांवर तारेचे लाल वळ उठले.

"काका, असं का होतंय?"

"बोटं कच्ची आहेत तुझी," मंदार फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "प्रॅक्टिस लागते. काकाला विचार, त्याच्या बोटांचं पण तेच झालं होतं."

अबोलीनं परीक्षितकडे पाहिलं. बिल अजून फाटलं नव्हतं. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

मंदारनं हसत त्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय, परीक्षित? सांग ना तिला!"

परीक्षितनं वाक्य गिळलं.

"हो," तो म्हणाला. "बोटांचंच आहे. रियाज कर, होईल."

दुकानदारानं बिल फाडलं. मग न विचारताच तपकिरी बेस उचलून परीक्षितपुढे धरला. "और ये आपके लिए, है ना?"

परीक्षितनं सवयीनं बूड गालाशी लावलं, एक डोळा मिटला आणि दांडीवर नजर लावली. दांडी सुतासारखी सरळ होती. बंदुकीचा नेम धरावा तशी नजर थेट पलीकडे गेली, आणि दांडीच्या टोकाला त्याला अबोली दिसली. लाल बेस मांडीवर घेऊन ती आपली मूठ उघडत होती, मिटत होती आणि बोटांकडे बघत होती.