अर्धं ताट

“कोणी पाहत नसताना तुम्ही जास्त खाता का?” विकाने ओट्यावर बसून मोठ्याने प्रश्न वाचला.

“इथे कोणी पाहत नाही असं कधी असतं का, अक्का?” पडद्याआडून मोसेसे हसला. “हा प्रश्न नक्की परदेशातून आलाय.”

आलाच होता. चार देशांतल्या जास्त वजनाच्या माणसांना हेच प्रश्न विचारले जात होते. वावाऊ बेटावरच्या या गावातली पाहणी नर्स म्हणून विकाच्या गळ्यात पडली, आणि यादीत तिचा सख्खा धाकटा भाऊ मोसेसेही निघाला. एकशे बेचाळीस किलो. तो रोज किती खातो, याचा तिने भरलेला तक्ता खरा ठरला तर हृदयाच्या ऑपरेशनसाठी ऑकलंड. खोटा ठरला तर नाव कटाप.

तिने ‘कधीच नाही’वर खूण केली. विश्वास मात्र काडीचा नव्हता.

पंचाईत अशी, की टोंगात भाऊ बहिणीसमोर जेवत नाही. विका ओट्यावर ताट तोलून द्यायची, तो आत जेवायचा, आणि भावजय सेईनी रिकामं ताट परत आणायची. तिच्या सांगण्यावरून तक्त्यात रोज तेच: निम्मं टाकलं.

“टाकलेलं कुठंय?” आज विकाने विचारलंच.

“डुकरांना घातलं, वन्सं.”

“कुठली डुकरं? शेवटचं तर गेल्या महिन्यात पाद्रीबुवांच्या जेवणावळीला भाजलंत की.”

सेईनी ताट पुसायला लागली.

“आणि पोरांनी खाल्लं म्हणू नकोस. बापाच्या उष्ट्याला आपल्याकडे पोरं शिवत नाहीत, दुखणं येतं. मग खातं कोण? तोच ना?”

“मी कुठे काय म्हणतेय, वन्सं,” म्हणत सेईनीने पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

विकाला रडू फुटायचंच बाकी होतं. ही बाई माया करून करून तिच्या भावाचा जीव घेणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताट तोललं. सुरण, आणि अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस. ते आत पाठवलं आणि चपला काढून गुपचूप मागच्या दाराने शिरली. रीत गेली खड्ड्यात.

मोसेसे खरोखरच निम्म्यावर थांबला होता. उरलेलं ताट त्याने चटईवरून थोरल्या लेकीकडे, बावीस वर्षांच्या लुपेकडे सरकवलं. रोजचंच असल्यासारखी ती जेवायला लागली.

विकाचा जीव भांड्यात पडला. भाऊ खोटारडा नव्हता. तो ऑकलंडला जाणार होता. पण दुसऱ्याच क्षणी तिने भाचीपुढचं ताट ओढून घेतलं.

“अगं, बाप आहे तो तुझा. आणि काय रे मोसेसे, स्वतःच्या हाताने पोरीला दुखणं भरवतोस?”

लुपेने आईकडे पाहिलं. सेईनीने मान खाली घातली.

मोसेसेने बहिणीच्या हातून ताट काढून घेतलं आणि पुन्हा लुपेपुढे ठेवलं.

“जेव गं तू,” तो म्हणाला. “तिला काही होत नाही, अक्का. सेईनी या घरात आली तीच लुपेला पोटात घेऊन. कोणाची, ते मी कधी विचारलं नाही.”