टोकाचे दार

उजेड आधी डोंगराच्या कण्यावर उतरला. तिथे तो बराच वेळ रेंगाळला, जणू खाली यावे की नाही हे त्याचे ठरत नव्हते. मग सागाच्या विरळ पानांतून, ज्वारीच्या कापलेल्या शेतांवरून, वाळत टांगलेल्या मक्याच्या कणसांवरून तो सावकाश पाड्यात आला. सारवलेल्या कुडांचा रंग उजळला. घराघरांच्या छपरांतून धूर निघत होता आणि ऊन त्या धुरात विरघळत होते. सर्वांत शेवटी ते टोकाच्या घरावर पोहोचले. तिथे धूर नव्हता. दारावरचे पितळी कुलूप तेवढे क्षणभर चमकले.

जगदीशने नजर वळवली. त्याचा मुक्काम शाळेच्या ओट्यावर होता. तिथूनच तो खालच्या वळणाकडे पाहत राहिला. ऊसतोडीची माणसे नेणारा ट्रक आज यायचा होता.

नंदुरबारच्या विद्यापीठ केंद्रात लोकसेवा नेतृत्वाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तो शिकत होता. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एखाद्या गावात राहून तिथला एक प्रश्न सोडवायचा असे. जगदीशने हा पाडा मागून घेतला. दिवाळी झाली की इथली माणसे दारावर बोरीची काटेरी फांदी लावून गुजरातेत ऊस तोडायला जात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर. यंदा मुले गेली तर शाळा बंद होणार होती. तहसील कचेरीत खेटे घालून त्याने बंधाऱ्याचे काम मंजूर करून आणले, आणि घरोघर बसून लोकांना थांबण्यासाठी विनवले.

लोक कबूल झाले. पण रेवाबाईने अट घातली, आणि पाड्यात तिचा शब्द चाले. "राहायचं तर सगळ्यांनी. एक दार बंद राहिलं, तरी आम्ही निघालो."

ट्रकच्या आधी जीप आली. त्याच्या मार्गदर्शक गायत्री मॅडम उतरल्या. त्याला बायकांशी बोलताना पाहून त्या म्हणाल्या, "इथली पावरी बोली बोलतोस तेव्हा अगदी इथलाच वाटतोस."

"सरावाने येतं, मॅडम." त्याने गळ्यातला काळा दोरा चाचपला. अवघडला की त्याचा हात तिथेच जाई.

"हे सत्र संपलं की दिल्लीची नेमणूक घेणार ना?"

"दोनच वर्षं. मग परत यायचंच आहे."

"ऊसतोडीला जाणारेही असंच म्हणतात," मॅडम हसल्या. तो हसला नाही.

धूळ उडवत ट्रक आला. मुकादम दिलवरसिंगने खिडकीतून मान बाहेर काढून अहिराणीत विचारले, "काय साहेब, मन्ही गाडी रिकामी जाई का यंदा?"

जगदीशने रेवाबाईकडे पाहिले. ती बांधलेल्या गाठोड्यावर बसली होती. बोरीची फांदी तिने कुडाला टेकवून ठेवली होती.

"आधी एक सांग, साहेब." 'साहेब' म्हणताना ती शब्द मुद्दाम लांबवी, आणि शेजारच्या बायका पदराआड हसत. तिने टोकाच्या घराकडे बोट दाखवले. "त्या दाराचं काय?"

"तिथं कोणी राहत नाही, काकी."

"घर आहे, म्हणजे कोणाचं तरी आहे."

"एका माणसाने काय फरक पडतो?"

"मीही हेच म्हणत होते. तेव्हा दोन वेळचा चहा पिऊन तू मला शिकवलंस, एकेकानेच गाव होतं म्हणून." तिने फांदी उचलून मांडीवर घेतली. "आम्ही फांदी लावून जातो. फांदी कुणीही बाजूला करतं. कुलूप लावून जाणारा मनात काय घेऊन जातो?"

जगदीशचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला.

"घर कुणाचं आहे?" मॅडमनी विचारले. "त्या माणसाला निरोप दिलाय का?"

"पावसाळ्यापासून देतेय," रेवाबाई म्हणाली. "माणूस वाईट नाही. लाजतो फार."

दिलवरसिंगने भोंगा वाजवला. एका बापाने ट्रकवर चढवण्यासाठी लेकीला उचलले. तिच्या पाठीवर शाळेचे दप्तर तसेच होते. ती वळून जगदीशकडे पाहू लागली.

जगदीश चालू लागला. शाळा मागे पडली, ट्रक मागे पडला. बायकांचे हसू थांबले होते. बापाने मुलीला अजून हवेतच धरले होते. टोकाच्या घराच्या अंगणात गवत गुडघ्याएवढे वाढले होते. ते बाजूला सारत तो दारापर्यंत गेला. कुलूप उन्हाने कोमट झाले होते.

"जगदीश, तोडू नकोस!" मॅडम मागून ओरडल्या. "मालकाची परवानगी लागेल!"

त्याने गळ्यातला दोरा ओढून सदऱ्याबाहेर काढला. दोऱ्याला किल्ली होती.

ते घर त्याचेच होते.