आठवड्याचं पोट

दुसऱ्या घासालाच जयवंतरावांनी हात थांबवला, तेव्हा विजयमालाने हातातली पळी खाली ठेवली.

"आमटी बिघडली का?"

"झकास झालीय गं. पोट भरलं."

दवाखान्यात त्यांच्या पोटावर एक पट्टी चिकटवली होती. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पोट जसं वागेल, तसं ते या पट्टीमुळे आठवडाभर वागणार होतं. आधी तसं राहून बघा, मग ठरवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ऑपरेशनने साखर आटोक्यात आली असती, गुडघे वाचले असते. पण टाके उसवण्याचा, रक्ताची गाठ होण्याचा थोडा धोका होताच, आणि तो काही पट्टी दाखवत नव्हती.

विजयमाला तव्याकडे वळली. आता वाढायचं तरी कुणाला?

एवढ्यात जयवंतराव उठून तिच्याशेजारी आले.

"तू बस. ही भाकरी मी भाजतो."

"तुम्हाला जमणार आहे का?"

"माझं जेवण दोन घासांत संपतंय. बाकीचा वेळ काय करू?"

भाकरी एका बाजूने करपली. ती तिच्या ताटात वाढून ते समोर बसले. लग्न झाल्यापासून तव्यावरची भाकरी तिला पहिल्यांदाच कुणी वाढली होती.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "तुम्ही आत गेलात आणि..."

"मलाही वाटते. पण या वजनामुळे झोपेत श्वास अडकतो ना, तेव्हा जास्त वाटते."

तिने करपलेला तुकडा आमटीत बुडवून खाल्ला.

"मग करून घ्या. घरी आलात की भाकरी थापायलाही शिकवते."

आणि तिने आणखी एक भाकरी मागितली.