वरच्या खोलीत सांगायची गोष्ट

"आणि ज्या दारवानाने शत्रूला हे दार उघडून दिलं," गाइड नेहमीच्या सुरात म्हणाला, "त्याचा वंशज तुमच्यासमोर उभा आहे. गावात आम्हाला 'दारउघडे' म्हणतात. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत."

लोक हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. नव्या सुनेचा दंड धरून त्या जिन्याकडे वळल्या. किल्ला संग्रहालयाला देऊन टाकला, त्या दिवशी त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. आज त्यांनी सगळ्यांसारखी रांगेत उभं राहून तिकिटं काढली होती.

वरची खोली लहान होती. पलंग आणि खिडकी यांच्यासमोर जाड दोरी बांधलेली, भिंतीवर 'हात लावू नये' अशी पाटी. गाइड पाठोपाठ आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"तुम्ही खाली थांबा," बाईसाहेब म्हणाल्या. "मला सुनेशी बोलायचं आहे."

"गाइडशिवाय या खोलीत कुणालाही सोडायचं नाही, असा नियम आहे, बाईसाहेब. किल्ला तुमचा होता तेव्हा आम्ही खालीच थांबायचो."

सून हळूच म्हणाली, "आई, गाडीत सांगा ना. नाहीतर घरी."

"गाडीत सांगण्याजोगी गोष्ट असती, तर गुडघ्यांचे हे हाल कशाला करून घेतले असते? सासूने सुनेला ती याच खोलीत सांगायची असते. इथून बाहेर पडल्यावर त्यातलं अवाक्षर काढायचं नाही, असा मी शब्द दिलेला आहे." मग त्या गाइडकडे वळल्या. "निदान कान तरी झाका."

"झाकतो. पण ऐकू येणारच, हे आधीच सांगून ठेवतो."

हा जिना पुन्हा चढणं त्यांच्याने होणार नव्हतं. न सांगता उतरल्या, तर गोष्ट त्यांच्याबरोबर संपणार होती. सांगितली, तर नेमक्या याच माणसाच्या कानी पडणार होती. मग त्यांनी पाठ ताठ केली.

"वेढा पडला होता. विहीर आटली. लेकरं ओल्या भिंती चाटू लागली. मालक म्हणाले, मरू, पण दार उघडणार नाही. पहाटे दारवानाचा डोळा लागला. त्याच्या कमरेची किल्ली या घरच्या सुनेने काढून घेतली. दार तिने उघडलं."

"आणि दारवान?" सुनेने विचारलं.

"पुढे तह झाला, किल्ला परत मिळाला. मालकांनी दारवानाला तटावरून खाली लोटलं. ती इथेच, या खिडकीत उभी होती. बोलली नाही. मरताना तेवढं आपल्या सुनेला सांगून गेली. आपण ज्या घरात आलो ते कशावर उभं आहे, हे बाईला ठाऊक असावं. पुरुषांना सांगत नाहीत. ते पुतळे तरी उभारतात, नाहीतर पाडतात."

गाइडचे हात कानांवरून केव्हाच खाली आले होते.

"तुमच्या सासूबाईंना हे ठाऊक होतं?"

"होतं."

"त्यांच्या सासूबाईंना?"

"सगळ्यांना."

तो दोरी ओलांडून खिडकीशी गेला. उताराच्या पायथ्याशी एक बसकं घर होतं.

"ते आमचं."

"ओळखते," बाईसाहेब म्हणाल्या. "माझं अर्धं आयुष्य या खिडकीत गेलं आहे."

सून वाकून पाहू लागली. "घरात कुणी दिसत नाही. आणि दार तर सताड उघडं आहे."

"ते तसंच असतं," गाइड म्हणाला. "आमच्यात दाराला कडी बसवत नाहीत. कुणी उघडलं, असं पुन्हा कुणी विचारायला नको."