ओळखीची माती

आमच्यात माणूस गेलं की आपल्याच रानात पुरतात. अप्पांनी बांधालगत बेल आणि लिंबाची झाडी जपली होती. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती मुठीत घेऊन ते म्हणायचे, "पोरी, मला हितंच पुरा. ह्या मातीत जीव हाय."

ते अंथरुणाला खिळले आणि माझ्या भावाने, बसूने, प्लॉट पाडायला सगळी झाडी जेसीबीने मुळासकट काढली.

दोन उन्हाळ्यांनी अप्पा गेले. त्याच जागी खड्डा घेताना कुदळ टणटण उडत होती. ढेकळांत एक गांडूळ दिसलं नाही. मी बसूकडे बघितलं.

तो घाम पुसत म्हणाला,

"त्याच जेसीबीवाल्याला बोलवा की. त्याला आपली माती म्हाईत हाय."